मधलं नाव

वाचायला बसण्याआधी स्वयंपाकघरात एक फेरी मारून या. मांडणीवर, ओट्याखाली, माळ्यावर, जिथं हात पोचेल तिथं घरातली सगळ्यांत जुनी वस्तू शोधा. पोळपाट असेल, खलबत्ता असेल, बुडाशी काळी पडलेली लोखंडी कढई असेल. नाव घातलेला एखादा तांब्या सापडला तर उत्तमच. ती वस्तू आणून शेजारी ठेवा. आत्ता तिच्याकडे बघायचं नाही. नुसती असू द्या.

बसलात? पाठ टेका. चष्मा घसरला असेल तर सारखा करा. आणि मनातल्या मनात पुण्याच्या बाजीराव रस्त्यावर या.

रविवारची सकाळ आहे. आम्ही पाच जण पिंपरीहून मेट्रोनं मंडईला उतरलोय. सासूबाई, नवरा, दहावीतली थोरली, दुसरीतला धाकटा आणि मी. जमिनीखालच्या गार स्टेशनातून सरकत्या जिन्यानं वर आलं, की एकदम कोथिंबिरीचा आणि भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. तिथून चालत राजा दिनकर केळकर संग्रहालय. दुपारी कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय, ते धाकट्याला लाच म्हणून कबूल केलेलं.

तुम्हीही कुणाला तरी बरोबर घ्या. घरातलंच माणूस असावं, हयात असलंच पाहिजे असं नाही. त्याच्या चालीनं चाला. आमच्याकडे सासूबाईंच्या गुडघ्यांच्या चालीनं सगळे चालतात, त्यामुळं आम्हाला शहर बरंच जास्त दिसतं.

खरं सांगायचं तर सहकुटुंब संग्रहालय बघणं हा प्रकार फारसा निवांत नसतो. नवरा प्रत्येक फलक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो आणि पहिल्याच दालनात अडकून पडतो. थोरलीला फोटो काढायचे असतात. धाकटा आत शिरल्या शिरल्या तोफ कुठं आहे ते विचारतो. आणि मी माणसं मोजते. एक, दोन, तीन, चार आणि मी पाच. पुन्हा एक, दोन, तीन. कितीतरी वर्षं मी संग्रहालयं बघितली ती अशी, मोजत. त्या दिवशी मोजायचं नाही असं घरूनच ठरवून निघाले होते. कपाट सोडायची घाई करायची नाही, एवढाच नेम.

म्हणून या पहिल्या कपाटाशी थांबू. आत अडकित्ते आहेत, ओळीनं मांडलेले. पितळी आहेत, लोखंडी आहेत. कुणाचा घोडा झालाय, कुणाचा पोपट, कुठं एकमेकांना बिलगलेलं जोडपं, ज्यांचे पाय म्हणजे अडकित्त्याच्या दांड्या. पहिलं मिनिट डोळा नक्षीवरच फिरतो. फिरू द्या, त्याची हौस फिटू द्या. घोड्याची आयाळ मोजा, बाईच्या नाकातली नथ शोधा.

नक्षी बघून झाली की बिजागरीकडे या. अडकित्ता म्हणजे दोन दांड्या आणि एक खिळा, याहून जास्त काही नाही. वरच्या दांडीला पातं. खालची सपाट, सुपारीला बैठक द्यायला. रोठा सुपारी दगडासारखी कठीण. ती बोटांच्या जोरानं कातरत नाही, तळव्यानं दाबावी लागते आणि पातं बेतानं आवरावं लागतं. नाहीतर खांडं उडून परसात जातात. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सुपारी फिरवत असतात, पात्याच्या अगदी जवळ. जोर उजव्या हातात, धोका डाव्या हातात.

तुमचा उजवा हात जरा उचला. काहीतरी धरल्यासारखी अर्धी मूठ करा आणि ती सावकाश मिटत न्या, मधेच काहीतरी कठीण लागल्यासारखी. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे तो घट्ट झाला? त्याच उंचवट्याखाली यातल्या काही दांड्या गुळगुळीत झाल्यात. नक्षी कारागिरानं केली. ही झीज मात्र वापरणाऱ्यानं केली, रोज थोडी थोडी, त्याच्या नकळत.

सासूबाईंनी काचेसमोर उभ्या राहून हवेत मूठ मिटली आणि तोंडानं आवाज काढला, "कट."

"आमचे दादा जेवण झालं की झोपाळ्यावर बसून कातरायचे. कट, कट, कट. तो आवाज बंद झाला की समजायचं, दादा लवंडले. मग आम्ही मुलं अंगणात पायसुद्धा वाजवायचो नाही."

अडकित्त्याच्या फलकावर हा आवाज थांबल्यानंतरची शांतता लिहिलेली नाही. कुठं लिहिणार? पण त्या काचेपाशी ती मला ऐकू आली. तुमच्याबरोबर आणलेल्या माणसालाही विचारा, दुपारी घरात कुठला आवाज थांबला की सगळे दबकून वागायचे. उत्तर येईपर्यंत थांबा. लगेच येत नाही.

पुढं वज्री आहेत. धाकटा काचेला नाक लावून विचारतो, "हे काय?"

"पाय घासायची."

"पण हा तर पोपट आहे!"

आहे खरा. वर पोपट, मोर, हत्ती, आणि तळाला खरखरीत दाते, टाचेच्या भेगा घासायला. टाच घासायला पोपट कशाला हवा, असा त्याचा रोख, आणि तो मला अगदीच गैर वाटला नाही. जुन्या लोकांना वेळ भरपूर होता, असं यावर म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. पहाटेपासून चुलीपुढं असणाऱ्या बाईला कसला आलाय वेळ! वाड्यात पन्नास माणसं, खोलीला कडी नाही, झोपायलासुद्धा सासूशेजारी. दार लावून एकटं असण्याची जागा एकच, न्हाणीघर. तिथं तिच्या हातात जी वस्तू असायची ती मोराची असावी, असं कुणाला तरी वाटलं असणार. तिला स्वतःला, किंवा तिच्यासाठी आणखी कुणाला. हा माझा तर्क आहे, फलकावर नाही. पण कपाटापुढं उभं राहून तर्क करायला मनाई नसते.

इथं क्षणभर आपल्या टाचा आठवा. दिवसभरात त्यांच्याकडे कुणी बघितलं का?

हे सगळं ज्यांनी जमवलं ते दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६ चा. कवी होते, 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. साधारण १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली, ते जवळजवळ आयुष्य संपेपर्यंत. पत्नी कमलाबाईंची यात साथ. त्या काळात जुनं जमवणारे म्हटलं की नाणी, शिलालेख, तलवारी, देवांच्या मूर्ती. केळकरांनी तलवारी सोडल्या नाहीत, पण ते स्वयंपाकघरात आणि माजघरातही शिरले. दौती आणल्या, कुलपं आणली, पानदानं, हुक्के, दिवे, वाद्यं, कोरलेली दारं, पाय घासायच्या वज्री. राजाच्या म्यानात काय होतं हे इतिहासाला विचारता येतं. सुपारी कशानं कातरली हे विचारायला जायचं कुणाकडे?

संग्रह वीस हजारांच्या वर गेला. १९७५ मध्ये त्यांनी तो महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आज दालनांतून मांडलेल्या वस्तू साधारण अडीच हजार. म्हणजे तुम्ही एक अडकित्ता बघता तेव्हा त्याच्या मागं सात वस्तू अंधारात असतात, बांधून ठेवलेल्या. हा आकडा कळल्यावर मला काचेतल्या वस्तू वेगळ्या दिसायला लागल्या, पाळीवर बाहेर आलेल्या असाव्यात तशा.

दिव्यांपाशी मात्र मी फार थांबले नाही. समया, लामणदिवे, दीपलक्ष्मी, सगळं देखणं आहे, पण दिव्याखाली अंधार म्हणतात आणि इथं दिव्यावर दिवा आहे, विजेचा. तेल नाही, काजळी नाही. लामणदिवा बघायचा तर अंधार हवा, तो काही कुणी तिकिटावर देत नाही. घरी जाऊन कधीतरी वीज गेलेल्या रात्री हे दालन आठवायचं, असं मी मनाशी ठरवलं. तुम्हाला जमलं तर आत्ताच खोलीतला मोठा दिवा बंद करा. वाचण्यापुरता उजेड ठेवा. बास.

आता सावकाश. कारण पुढच्या वस्तूशी सासूबाई थांबल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत.

घंगाळ होतं. अंघोळीचं पाणी घ्यायचं, रुंद तोंडाचं, दोन बाजूंना कड्या. यात तसं विशेष काही नाही. ज्यांची पन्नाशी उलटली त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी असल्या घंगाळातलं पाणी अंगावर घेतलेलं असतं. सासूबाईंनी त्याच्याकडे समोरून पाहिलं, मग बाजूला सरकून पाहिलं, मग खाली वाकून, गुडघा दुखत असताना, बूड पाहिलं. आणि मला म्हणाल्या,

"केवढ्याला घेतलं असेल गं यांनी?"

"आई, इथं किंमत लिहीत नाहीत."

"नाही, तसं नाही. वजनावर घेतलं असेल, का नगावर?"

तेव्हा मला कळलं नाही. बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. पाणी चढायला लागलं तसे सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी उंचावरच्या नातेवाइकांकडे गेले. परत आले तेव्हा वाड्याची एक भिंत होती, तीनांचा पत्ता नव्हता. गुडघाभर गाळ. त्या गाळात पालथं पडलेलं घंगाळ तेवढं सापडलं, परसातल्या कडुनिंबाला अडकून. एका बाजूला पोचा आलेला. आईनं ते चिंच आणि राखेनं घासून काढलं. त्यावर आईचं नाव घातलेलं होतं, तिच्या लग्नाच्या सालासकट. ठिपक्याठिपक्यांनी घालतात तसं. गाळ गेल्यावर आधी ती अक्षरं चकाकली, म्हणाल्या, मग घंगाळ.

पुढं ते घंगाळ सासूबाईंकडे आलं. त्यांनी १९८४ पर्यंत वापरलं. मग पिंपरीचा फ्लॅट, दोन खोल्यांचा, मोरीत माणूस उभं राहिलं की कोपर भिंतीला लागणार. घंगाळ ठेवायचं कुठं? मोडवाला आला. काट्यावर घातलं, वजन झालं, पैसे झाले. त्या पैशांत थोडी भर घालून स्टीलचं पिंप घेतलं, नळाचं पाणी भरून ठेवायला.

"नाव वाचलं का हो त्यानं?" थोरलीनं विचारलं. ती फोन खाली ठेवून ऐकत होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"कशाला वाचेल? नावासकट तोललं."

पूर आला, वाडा गेला, घंगाळ राहिलं. ते आम्ही आमच्या हातानं मोडीत घातलं. यावर सासूबाईंनी उसासा वगैरे काही टाकला नाही. पिशवीतून राजगिऱ्याच्या वड्या काढल्या आणि प्रत्येकाला एकेक दिली.

इथं थांबायला हवं. वाचन बाजूला ठेवलंत तरी चालेल.

तुमच्या घरातून गेलेली एक वस्तू आठवा. हरवलेली नाही, चोरीला गेलेली नाही. दिलेली. मोडीत, भंगारात, बोहारणीला, घर बदलताना वॉचमनला. ती कुठं ठेवलेली असायची? जमिनीवर तिचा ठसा पडला होता का, गोल? तिला हलवताना कसा आवाज व्हायचा? कुणाच्या हातात ती सगळ्यांत जास्त वेळ असायची? त्या हाताकडे बघा. चेहरा आपोआप येईल. नाही आला तर नको, हात पुरे.

आणि तिच्या बदल्यात घरात काय आलं, तेही आठवा. हे आपण सहसा आठवत नाही. पश्चात्ताप करत बसू नका, त्या पश्चात्तापात थोडा देखावा असतो असं मला नेहमी वाटतं. आमचं स्टीलचं पिंप अजून आहे. चाळीस वर्षं झाली, एक थेंब गळत नाही. पाण्याला टँकर यायचे त्या दिवसांत त्या पिंपानं घर चालवलंय. त्याला कुणी संग्रहालयात नेणार नाही, पण म्हणून त्याच्याशी तुसडेपणा कशाला?

फक्त एवढं मनात धरा, की त्या वर्षांत घरोघरचं पितळ काट्यावर चढत होतं आणि भट्टीत जात होतं. त्यातली काही भांडी एका माणसानं मधेच अडवली. सगळी अडवता येणार नव्हतीच.

श्वास जड झाला असेल तर खांदे सैल सोडा. पुढची खोली जवळ आहे.

मस्तानी महाल. थोरलीला याचीच ओढ होती, सिनेमा पाहिलेला. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता. त्याचे राहिलेले अवशेष केळकरांनी आणवले आणि ते इथं पुन्हा उभे केले. लाकडी खांब, महिरपी, वर झुंबरं. आत अंधुक उजेड, आणि इथं तो शोभतो. आम्ही पाचही जण जरा हळू बोलायला लागलो, कुणी सांगितलं नसताना.

सिनेमातल्या महालाएवढा हा मोठा नाही. थोरली म्हणाली, "एवढासाच?" मग खांबाकडे बघत बराच वेळ उभी राहिली. बघणारा माणूस आणि मस्तानी यांच्यामध्ये आणखी कोणी नाही, फक्त हे लाकूड. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला गेले. मस्तानीही त्याच वर्षी गेली. तिची कबर पाबळला आहे. शनिवारवाड्याला तिच्या नावाचा दरवाजा आहे, कबर आहे, इथं हा महाल आहे. नाव मात्र एकटंच. छत्रसालाची मुलगी आणि पेशव्याची बाई, पण तिच्या नावापुढं ना वडिलांचं नाव कुणी लावत, ना नवऱ्याचं. मस्तानी, आणि पूर्णविराम.

तेव्हा ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ती पुढं जे झालं त्यानंतर आली. म्हणून मस्तानीला इथं महालात थोडा वेळ बसू द्या, आणि आपण जिन्याकडे जाऊ.

मधल्या काही दालनांवरून मी भराभर जाते. चिलखताशी धाकटा रेंगाळला, मगरीचं कातडं आणि माशांचे खवले लावलेलं, आणि ते घालून पोहता येईल का हा प्रश्न त्यानं वडिलांना चार वेळा विचारला. वाद्यांपाशी सगळ्यांचेच पाय दुखायला लागले होते. पाय दुखायला लागले की माणसाला सगळी वाद्यं सारखीच दिसतात, हे कबूल केलेलं बरं.

बाहेर पडताना संग्रहालयाचं नाव लिहिलेलं होतं, तिथं धाकटा थांबला. दुसरीतली मुलं दिसेल ते वाचतात. दुकानांच्या पाट्या, बसचे नंबर, औषधाच्या बाटल्या. हा बोट हवेत धरून वाचायला लागला. रा-जा. दि-न-कर. के-ळ-कर.

मी पुण्यात वीस वर्षं हे नाव ऐकतेय, वाचतेय. रिक्षावाल्यांना सांगितलंय. आणि वीस वर्षं माझी समजूत अशी, की दिनकर केळकर नावाच्या मोठ्या माणसाला लोक आदरानं राजा म्हणत असावेत. कुणी रावबहादूर असतं, कुणी राजा. किंवा संस्थानिकच असतील. इतक्या वस्तू जमवणारा दुसरा कोण असणार?

धाकटा म्हणाला, "आई, हे वहीवरचं नाव आहे."

"म्हणजे?"

"राजा त्याचं नाव. दिनकर त्याच्या बाबांचं."

जूनमध्येच बाईंनी शिकवलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण नाव घालायचं. आधी आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. वडिलांचं मधे. तीन शब्द, तीन चौकटी.

नवऱ्यानं फलक वाचलेलेच होते, सगळे. त्याला आधीच माहीत होतं. राजा हा केळकरांचा एकुलता एक मुलगा. सात वर्षांचा असताना गेला. संग्रहालय त्याच्या नावानं आहे.

आता ही तीन नावं तुम्ही ओठांत म्हणा, वहीवर लिहितो त्या क्रमानं. राजा दिनकर केळकर. घाई न करता. पहिल्या नावाशी थांबा, मग दुसऱ्या. दिनकर केळकर नावाचा माणूस या पाटीवर कुठं आहे ते शोधा. तो स्वतःच्या नावानं तिथं नाही. वीस हजार वस्तू ज्यानं जमवल्या, गावोगाव फिरला, दारोदार गेला, तो मधल्या चौकटीत आहे, जिथं प्रत्येक मराठी बाप असतो. मुलाचं नाव पुरं व्हायला लागतो तेवढाच. कविता लिहिताना त्यानं नाव घेतलं ते अज्ञातवासी, आणि संग्रहालय काढलं तेव्हा पुन्हा तसाच आड जाऊन बसला. आमच्यासारखी माणसं वीस वर्षं त्या पाटीखालून जातात आणि बापालाच राजा समजतात.

आपल्याकडे मूल गेलं की त्याचं नाव घरात घेत नाहीत. फोटो आतल्या खोलीत जातो. नाव घेतलं की आई उठून जाते, म्हणून कुणी घेत नाही, आणि मग काही वर्षांत ते नाव फक्त दोन माणसांना माहीत उरतं. हे मी जवळून पाहिलंय, अधिक सांगत नाही. या घरानं ते नाव रस्त्यावर लावलं.

तुमचं मधलं नाव कुणाचं आहे? तुम्ही बाई असाल तर दोन असतील, एक आधीचं, एक नंतरचं. सासूबाईंच्या आईचं घंगाळावर जे नाव होतं ते नंतरचं. मस्तानीला एकही नाही. आणि तुम्ही कुणाच्या नावात मधे आहात? हे सगळं मी त्या दाराशी उभी राहून एकदम विचारात घेतलं असं नाही. रात्री भांडी लावताना सुचलं. दाराशी मी पुन्हा माणसं मोजायला लागले होते. एक, दोन, तीन, चार.

धाकटा गप्प होता. मग वडिलांना म्हणाला, "माझ्याएवढा?"

"हो."

त्यानं मागं वळून आत पाहिलं. आम्हाला वाटलं घाबरला. तो हिशेब करत होता. नाव राजाचं आहे, म्हणजे हे सगळं राजाचं. मग राजाचं स्वतःचं सामानही कुठंतरी असणार.

"त्याची वही कुठं ठेवलीय?"

आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. सासूबाईंनी त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, ते उघडं नव्हतं तरी.

मग आम्ही कोथरूडला गेलो. सकाळी कोथरूडहून इथं आणलेला महाल पाहिला आणि दुपारी इथून कोथरूडला रेल्वे बघायला, असं पुणं बघायचं असतं. छोट्या गाड्या बोगद्यात शिरल्या, सिग्नल पडले, दिवे लागले, धाकटा टाळ्या पिटत होता. जोशींच्या गाड्यांबद्दल खरं तर वेगळं बसून बोलायला हवं, पण मी तिथं होते आणि नव्हतेही.

आपण अजून थोडा वेळ दाराशीच राहू. पाटीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. रिक्षा जातायत. कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय, नावानं. तुम्ही बरोबर आणलेलं माणूस शेजारी उभं आहे. त्याला काही सांगायचं असेल तर ऐका, नसेल तर दोघं मिळून रस्ता बघा. वड्या संपल्या असतील. तहान लागली असेल.

झालं. डोळे उघडेच होते, तरी पुन्हा उघडा. मोठा दिवा लावा.

शेजारची ती वस्तू आता हातात घ्या. कुठं गुळगुळीत लागते ते अंगठ्यानं शोधा. नाव घातलेलं असेल आणि ठिपके झिजले असतील तर उजेडात तिरकं धरा, वाचता येतं. मग जिथून आणलीत तिथं ठेवून या, नाहीतर सकाळी ओट्यापाशी शोधाशोध होईल. खलबत्ता असेल तर जरा बेतानं ठेवा, खालच्या मजल्यावरचे झोपले असतील.